छतावर घ्यायला कोण आहे?

आत्याला पथकातून काढून टाकायचं, हे मी मंगळवारी ठरवलं. ठरवण्यात मी तरबेज आहे. बुधवारी तिला सांगायचं होतं, गुरुवारी सांगायचंच होतं, आणि शुक्रवारी मी जे काही केलं त्याची मला अजून लाज वाटते.

पथक म्हणजे हवाई रुग्णवाहिका पथक. हेलिकॉप्टर, स्ट्रेचर, दोरी, वायरलेस, सगळं आहे, फक्त ते एका ऑनलाइन खेळात आहे. दीड-दोनशे माणसं रोज संध्याकाळी आपापल्या घरी हेडफोन लावून बसतात आणि एका खोट्या शहरात अगदी खऱ्यासारखी नोकरी करतात. कोणी पोलीस, कोणी टॅक्सीवाला, कोणी अग्निशमन दलात. याला रोलप्ले म्हणतात. दिवसभर खरी नोकरी करून आल्यावर संध्याकाळी आणखी एक बिनपगारी कशाला, असं लोक मला विचारतात. ज्यांना हे विचारावं लागतं त्यांना सांगूनही कळत नाही, म्हणून मी सांगत नाही.

खेळाचा एकच मोठा नियम, भूमिका सोडायची नाही. दाराची बेल वाजली तर वायरलेसवर "एक मिनिट, कुरियरवाला आलाय" म्हणायचं नाही. "तळावर सामान आलंय" म्हणायचं.

पथकाची प्रमुख मी आणि वैमानिकही मीच. दिवसा मी एका पॅकिंगच्या कारखान्यात वेळ मोजते. म्हणजे स्टॉपवॉच घेऊन पट्ट्याशेजारी उभी राहते आणि खोका दुमडायला कोणाला किती सेकंद लागतात ते लिहून घेते. कारखान्यात माझ्यावर कोणाचा जीव वगैरे नाही. हेलिकॉप्टरची दोरी सोडायला-ओढायला आमच्याकडे एक शिंपीण आहे. ती खऱ्या आयुष्यातही शिवणकामच करते, आणि खेळतानाही करते. तिच्या मशीनची खडखड माइकमधून येते, म्हणून ती हेलिकॉप्टरची खडखड आहे असं आम्ही सगळ्यांनी मानून घेतलंय. तिसरा बेकरीवाला, राखीव वैमानिक. तो पहाटे भट्टी पेटवायला उठतो, त्यामुळे संध्याकाळी सातनंतर त्याचं बोलणं कमी आणि जांभया जास्त. आणि नर्स म्हणून आत्या.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर होती. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि माझ्याकडे राहायला आली. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातले सगळे खण लावले, दुसऱ्या आठवड्यात परत लावले. पोस्टमनचं बीपी घेतलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या चालण्यावरून त्यांचा डावा गुडघा धरलाय असं निदान केलं, आणि ते बरोबर निघालं तेव्हा तिला झालेला आनंद गुडघेवाल्या बाईंना फारसा आवडला नाही. मग करायला काही उरलं नाही. संध्याकाळी ती माझ्या मागे खुर्ची टाकून बसायची आणि मी खेळते ते बघायची.

एकदा मी स्ट्रेचरवर पेशंट घेतला, एक कळ दाबली, पेशंटच्या डोक्यावरची लाल पट्टी हिरवी झाली.

"झालं?" आत्या म्हणाली.

"झालं."

"नाडी कोणी बघितली?"

"आत्या, खेळ आहे हा."

"खेळ आहे म्हणून काय माणसाची नाडी बघायची नाही?"

दुसऱ्या दिवशी तिने माझा जुना लॅपटॉप मागितला. आठवड्याभरात ती पथकात होती. रोज पावणेसहाला हात धुऊन, केस बांधून, पायात ड्यूटीचे पांढरे बूट घालून जेवणाच्या टेबलापाशी लॅपटॉपसमोर बसायची. बूट कशाला, खेळात दिसत नाहीत, असं मी म्हटलं. ती म्हणाली, मला दिसतात ना.

आता मूळ दुखणं सांगते. खेळात पेशंट बरा करणं म्हणजे एक कळ दाबणं. आत्या त्याला आधी नाव विचारायची, मग वय, मग कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, शेवटचं कधी खाल्लं, घरी कोण असतं. सुरुवातीला लोक हसले. चोराचं काम करणारा एक माणूस होता, त्याने ॲलर्जी "पोलिसांची" सांगितली. आत्याने ती लिहून घेतली आणि विचारलं, "अंगावर पुरळ येतं की श्वास लागतो?" त्यानंतर तो माणूस दर दोन दिवसांनी भिंतीवरून पडायला लागला. टॅक्सीवाले मुद्दाम खांबाला गाड्या ठोकायला लागले. अग्निशमन दलाचे प्रमुख, भलामोठा आवाज आणि त्याहून मोठं हेल्मेट, एकाच आठवड्यात एकाच गच्चीवरून तीनदा पडले. तिसऱ्यांदा आत्याने त्यांना विचारलं, "गच्चीत ठेवलंय काय तुम्ही?" तर ते लाजले.

इथवर ठीक होतं. खरं घोडं पेंड खात होतं ते इस्पितळाच्या छतावर.

खेळातलं इस्पितळ म्हणजे नुसती इमारत. आत माणूस नाही. छतावर एक निळं वर्तुळ आहे, त्यात पेशंट ठेवायचा आणि निघायचं. पेशंट स्वतःच एक कळ दाबतो आणि ठणठणीत होऊन घरी जातो. आत्याने पहिल्याच दिवशी छतावर उतरून इकडेतिकडे बघितलं आणि वायरलेसवर विचारलं, "चार्ज घ्यायला कोण आहे?"

"कोणी नसतं सिस्टर," शिंपीण म्हणाली. "ठेवायचा आणि यायचं."

"ठेवायचा? पिशवी आहे का ती?"

नर्सच्या कामातला हा पहिला नियम आहे म्हणे. पेशंटचा चार्ज दुसऱ्याला द्यायचा, काय झालंय, काय दिलंय, काय बघायचंय ते सांगायचं, समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं आणि "घेतला" म्हणायचं. तो "घेतला" ऐकू आल्याशिवाय हात सोडायचा नाही. छतावर "घेतला" म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून आत्या हात सोडत नव्हती. पेशंट बिचारा कळ दाबून बरा व्हायचा, उभा राहायचा, तरी ती त्याला सोडायची नाही. "चक्कर येतेय का? दोन पावलं चालून दाखवा." आणि मी हेलिकॉप्टरचं इंजिन चालू ठेवून शेजारी दात-ओठ खात बसायची. तोवर दुसरीकडे कोणी दरीत पडलेलं असायचं. आम्ही पोचायचो ते वरातीमागून घोडं.

मंगळवारी नगराध्यक्षांचं पत्र आलं. नगराध्यक्ष म्हणजे सर्व्हर चालवणारा माणूस. तो कोण, कुठला, किती वर्षांचा, कोणाला ठाऊक नाही, पण बोलतो सरकारी कागदासारखा. "आपल्या पथकास एका रुग्णामागे सरासरी चौतीस मिनिटे लागत असल्याचे निदर्शनास आले आहे. मर्यादा बारा मिनिटांची आहे. शनिवारी सायंकाळी सहा वाजता चाचणी घेण्यात येईल. चार जखमी, पंचेचाळीस मिनिटे. आपण अनुत्तीर्ण झाल्यास हेलिकॉप्टर अग्निशमन दलाकडे वर्ग करण्यात येईल."

चौतीस मिनिटं! कारखान्यात मी दोन सेकंदांसाठी लोकांना बोल लावते, आणि माझ्याच पथकाची ही अब्रू. आत्याला काढलं की प्रश्न मिटत होता. पण रोज पावणेसहाला बूट घालणाऱ्या बाईला ते सांगायचं कसं? तिच्या दिवसात तेवढी दोनच तासांची जागा होती जिथे तिला कोणी हाक मारायचं. बाकी बावीस तास खण लावण्यात जात होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बुधवारी मी बोलायला गेले तर ती आपल्या वहीत आदल्या दिवशीच्या पेशंटची नावं लिहीत होती. गुरुवारी मी शिंपिणीला सांगितलं, तू सांग. ती म्हणाली, "सिस्टर माझ्या मानेला रोज व्यायाम सांगतात, माझं दुखणं गेलंय. मी नाही सांगणार. आणि तुम्ही सांगितलंत तर तुमचा ब्लाउज मी शिवणार नाही." भूमिका सोडून बोलली ती, वायरलेसवर. बेकरीवाल्याला विचारलं तर नुसती जांभई ऐकू आली.

मग शुक्रवारी मी अक्कल लढवली.

"आत्या, उद्याच्या चाचणीत तू तळावर थांब. साठ्याची प्रमुख म्हणून. पट्ट्या, सलाइन, सगळं मोजून घ्यायचंय. फार जबाबदारीचं काम आहे."

आत्याने चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"आमच्याकडे ज्या सिस्टरचे हात थरथरायला लागायचे ना, तिला साठ्यावर बसवायचे," ती म्हणाली. "आणि सांगायचे की फार जबाबदारीचं काम आहे."

तिने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. सरळ, बोटं ताठ. जराही हलत नव्हते. "काढायचं असेल तर काढ, घाईबाई. पण हाताचं कारण देऊ नकोस."

मग मीही चिडले. चूक आपली असली की मला जास्त राग येतो. "छतावर कोणी नाहीये आत्या! कधीच नव्हतं! कोणाची वाट बघतेस तू तिथे?"

"नसेल. पण सोडून नाही येता येत. एकदा एका आजोबांना असंच सोडलं होतं. नुकतीच लागले होते मी. मला वाटलं त्या सिस्टरने घेतले, तिला वाटलं माझ्याकडेच आहेत. दोन तास स्ट्रेचरवर पडून होते, बोळात. मला बघून म्हणाले, बाई, मला वाटलं मी मेलो आणि वरही रांगच आहे." ती हसली, पण पुरतं नाही. "धडधाकट घरी गेले ते. मी मात्र नाही विसरले."

आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. खण उघडल्याचा आवाज आला. इतकी वर्षं लोकांना मोजून मोजून मी माझ्याच माणसाला मोजत बसले होते, आणि ते तिला कळलं होतं.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस असतो. मी पट्ट्याशेजारी उभी होते आणि डोळ्यांसमोर आकडे नाचत होते. टेप लावणारी एक बाई आहे, वेळेत कायम मागे. मी तिला दहादा टोकलंय. ती टेप लावते आणि खोका धरून ठेवते. पुढची बाई हात लावेपर्यंत सोडतच नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मी घड्याळाऐवजी खोक्याकडे बघितलं. टेप लावायला तिला चारच सेकंद लागत होते. उरलेले सगळे सेकंद पुढच्या बाईचे होते, तिची मान दुसरीकडे असायची. मी मात्र सगळे हिच्या नावावर लिहीत होते. आणि हिच्या हातून एकही खोका कधी पडला नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तिथेच मोठ्याने स्वतःला एक शिवी दिली. टेपवाल्या बाईला वाटलं तिलाच दिली. तिची माफी मागितली, ते तर तिला आणखी विचित्र वाटलं.

पाच वाजता घरी पोचले. आत्या टेबलापाशी बसून सुटलेली बटणं लावत होती. पायात चपला.

"बूट घाल," मी म्हटलं.

"साठा मोजायला बूट लागत नाहीत."

"साठा नाही. तू हेलिकॉप्टरमध्ये आहेस. छतावर चार्ज घ्यायला माणूस नेमलाय."

सुई थांबली. "कोण?"

"मी."

"आणि उडवणार कोण?"

"बेकरीवाला."

"अरे देवा," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघितलं. "दया म्हणून करत असशील तर नको हं. मला चालायचं नाही."

"दया नाही. मी चुकले. तू वेळ घालवत नव्हतीस. घेणारं कोणी नव्हतं तिथे, आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही."

आत्याने धागा तोडला, बटणांचा डबा बंद केला. "तुला घेता येतो का चार्ज? नाही ना? उभी राहा. बसून नसतो घ्यायचा." आणि पुढची वीस मिनिटं तिने माझ्याकडून घोकून घेतलं. नाव, काय झालं, काय दिलं, काय बघायचं. मी परत म्हणायचं. एक जरी गोष्ट राहिली तरी पुन्हा पहिल्यापासून. शाळेत मला एवढं कोणी पिडलं नव्हतं.

सहा वाजता वर्दी आली. दरीत बस कोसळली, चार जखमी. माझ्या पात्राला पांढरा कोट घालून मी इस्पितळाच्या छतावर उभी होते. वैमानिकाची खुर्ची दुसऱ्याला देऊन वायरलेसवर नुसतं ऐकत बसणं काय असतं ते तेव्हा कळलं. बेकरीवाल्याने उड्डाण केलं ते तिरकंच. "मी नीट आहे," तो म्हणाला. "शहर तिरकं दिसतंय." शिंपिणीने दोरी सोडली, मशीनची खडखड वाढली, पहिला जखमी वर आला. परतताना बेकरीवाला चौकातल्या कारंज्यावरून इतका खालून गेला की पेशंटला अपघातात लागलं नव्हतं तेवढं तिथे लागलं असतं.

पण छतावर उतरल्यावर आत्या दारातूनच बोलायला लागली. "पहिला. वीस वर्षांचा. डावा हात मोडलाय, पट्टी बांधलीये, वेदनाशामक दिलंय. बोटं गार पडतात का बघ." मी परत म्हणून दाखवलं. "घेतला." आणि ती गेलीसुद्धा! मी सवयीने स्टॉपवॉच लावलं होतं. अडतीस सेकंद. मला खुर्चीवरून उठून नाचावंसं वाटलं.

दुसरी, मागच्या सीटवरची म्हातारी बाई, एक्केचाळीस सेकंद. तिसरी एक शिक्षिका, छत्तीस. बेकरीवाला जागा झाला होता, चक्क सरळ उडत होता. चौथा पेशंट छतावर आला तेव्हा चव्वेचाळीस मिनिटं होत आली होती.

"चौथा. बसचा चालक," आत्या म्हणाली. "उजवी मांडी मोडलीये. शुद्धीवर आहे. घाबरलाय, पण दाखवत नाही. त्याच्याशी बोलत राहा."

"घेतला."

हेलिकॉप्टर उडालं. अठरा सेकंद उरले होते. मी वायरलेसवर "पथक मोकळं" म्हटलं की घड्याळ थांबणार होतं. दोन शब्द. माझं बोट कळेवर होतं.

तेवढ्यात चालक म्हणाला, "सिस्टर, बाकीचे कसे आहेत?"

वायरलेसची कळ दाबली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि तो चालक, कोण कुठला माणूस त्याच्या मागे बसला होता देव जाणे, तो विचारत होता. मी त्याला सांगितलं, पहिल्या मुलाचा हात मोडलाय, बोटं गरम आहेत. शिक्षिकेला खरचटलंय. मग तो म्हणाला, "आणि मागच्या सीटवरच्या आजी? आरशात दिसत होत्या मला." मी म्हटलं, त्यांना चांगला मार लागलाय, पण नाडी नीट आहे, त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं. हे शेवटचं खोटं होतं. तो "बरं" म्हणाला आणि कळ दाबून उभा राहिला.

"पथक मोकळं," मी म्हटलं. पंचेचाळीस मिनिटं, अकरा सेकंद.

"मर्यादा ओलांडली गेली आहे," चालक म्हणाला. तोच आवाज, सरकारी कागदाचा. चौथा जखमी म्हणून नगराध्यक्ष स्वतःच झोपले होते. "प्रश्न मी वेळकाढूपणाने विचारला नव्हता," ते जरा अडखळत पुढे म्हणाले. "विचारावासा वाटला. तथापि नियम तो नियम. हेलिकॉप्टर सोमवारपासून अग्निशमन दलाकडे जाईल."

शिंपिणीने जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. बेकरीवाला "मग आता मी झोपू का?" म्हणाला. आणि मला काय वाटलं सांगू? वाईट वाटलं, खूप वाटलं, पण ते अकरा सेकंद मला कोणी परत दिले असते तरी मी तिथेच घालवले असते.

मग वायरलेसवर आत्याचा आवाज आला, शांत. "साहेब, हेलिकॉप्टर जाईल. पण चार्ज दिल्याशिवाय नाही. घेणारा माणूस पाठवा. त्याला सगळं सांगीन, तो परत म्हणून दाखवेल, मग घेऊन जाईल. तोवर जबाबदारी आमची."

नगराध्यक्षांनी विचार केला. "यास हरकत दिसत नाही," ते म्हणाले.

हीच त्यांची चूक.

सोमवारी सहाला दलप्रमुख हेल्मेट सावरत आले. आत्याने आठवडाभर त्यांना पट्टे कसे बांधायचे ते शिकवलं. दुसऱ्या आठवड्यात स्ट्रेचर कसं धुवायचं, जे त्या खेळात धुताच येत नाही. मग पेशंटशी बोलायचं कसं. दलप्रमुख परत म्हणून दाखवायचे, एखादी गोष्ट राहायची, पुन्हा पहिल्यापासून. मधेच वर्दी आली की चार्ज अजून आमच्याकडेच असल्याने आम्हीच उडायचो, मी पुन्हा वैमानिकाच्या खुर्चीत. छतावर आता आळीपाळीने कोणी ना कोणी उभं असायचं, चोरसुद्धा. एका रुग्णामागे अकरा मिनिटं लागायला लागली. नगराध्यक्षांनी नियमावली चाळली, तिच्यात चार्ज किती दिवसांत द्यावा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन महिने झाले. दलप्रमुखांना मी विचारलं, वैताग नाही का येत? ते म्हणाले, "आम्ही अजून सलाइनपर्यंतच आलोय," आणि त्यांच्या आवाजात घाई अजिबात नव्हती.

एका रविवारी दुपारी मी आत्याला विचारलं, "मुद्दाम लांबवतेयस ना?"

ती हसायला लागली. हसता हसता थांबली. "थोडं मुद्दाम. पण खरं सांगू? समोर कोणी लिहून घ्यायला बसलं की बरं वाटतं गं. माझा चार्ज कोणी घेतलाच नाही."

"कुठला?"

"वॉर्डाचा. शेवटच्या दिवशी माझ्या जागी यायची ती सिस्टर नेमलीच नव्हती. खाली हॉलमध्ये भाषणं, फुलं. मला म्हणाले, किल्ल्या टेबलावर ठेवा आणि या खाली, सगळे खोळंबलेत. ठेवल्या. नंतर आलं असेल कोणीतरी, येतंच. पण माझ्याकडून कोणी घेतलं नाही. अठरा खाटा, सतरा पेशंट. अजून माझ्याकडेच आहेत ते."

दोन वर्षं ती माझ्या घरात खण लावत होती आणि मी समजत होते की तिला करमत नाही.

मी वही आणली. स्टॉपवॉच खणात टाकलं. "दे मला," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? घरी गेले असतील सगळे. काही तर वरही गेले असतील."

"दे तरी."

आत्या उठली. हात धुतले, कोरडे केले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहिलो. तिने एकदा घसा साफ केला आणि पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. मुतखडा, आजचा दुसरा दिवस, पाणी पाजत राहा, नवऱ्याला आत सोडू नकोस, तो रडवतो. दोन नंबर, टाके उद्या काढायचे. तीन नंबरच्या मुलीला अंधाराची भीती वाटते, बोळातला दिवा चालू ठेवायचा. एक नाव विसरली नाही ती, एक औषध नाही. मी प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवली आणि प्रत्येक वेळी "घेतला", "घेतली" म्हटलं. नऊ नंबरला आम्ही पाणी प्यायला थांबलो, मग पुढे गेलो. बाहेर ऊन उतरत होतं. सहा कधीच वाजून गेले होते आणि हेडफोनमधून शिंपीण आम्हाला बारीक आवाजात हाका मारत होती.

"अठरा नंबर," आत्या म्हणाली. "रिकामी. सकाळीच घरी गेली ती बाई. चादर बदलायची राहिलीये."

"बदलते," मी म्हटलं.

आत्याने मान हलवली आणि खुर्ची ओढून बसली.